प्लास्टिकचे कण, पाण्यातील जीवाणू आणि निष्प्रभ ठरणारी औषधे

प्लास्टिकच्या प्रदूषणाविषयी आमच्या वाचकांनी आजवर पुष्कळ ऐकले व वाचले आहे. प्रतिजैविके, म्हणजे ज्यांना आपण घरगुती भाषेत अँटिबायोटिक्सच्या गोळ्या म्हणतो, ती हळूहळू निकामी होत चालली आहेत, हेही अनेकांच्या कानावर आले असेल. पहिला प्रश्न नगरपालिकेचा व दुसरा डॉक्टरांचा, अशी आपण मनाशी वाटणी करून टाकलेली असते. परंतु गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांच्या असे ध्यानात आले आहे की, हे दोन प्रश्न एका ठिकाणी येऊन मिळतात आणि ते ठिकाण म्हणजे आपले पाणी. नाले, नद्या, खाड्या व समुद्र ह्यांत तरंगणारे प्लास्टिकचे बारीक कण औषधाला न जुमानणाऱ्या जीवाणूंना राहायला जागा देतात, त्यांची वाढ करतात आणि त्यांना दूरवर वाहून नेतात. हे नेमके कसे घडते व आपण त्याची कितपत काळजी करावी, हे वाचकांस समजावून सांगावे, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

विषय प्रयोगशाळेतला वाटला तरी त्याची झळ कोणाला लागते, हे आधी पाहू. दिल्लीतील तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांत २०११ ते २०१४ ह्या काळात नवजात अर्भकांचा एक विस्तृत अभ्यास झाला व तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या तेरा हजारांहून अधिक बाळांची त्यात नोंद होती. त्यांच्यापैकी जी दगावली, त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश मृत्यू रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गामुळे झाले होते. ह्या बाळांच्या रक्तात सर्वाधिक आढळलेला जीवाणू म्हणजे ॲसिनेटोबॅक्टर. त्याचे सुमारे ८२ टक्के नमुने एकाच वेळी अनेक औषधांना दाद देत नव्हते. जन्मून चार दिवसही न झालेल्या बाळाने कोणते औषध चुकीचे घेतले असणार? त्याच्या वाट्याला आलेला जीवाणू अगोदरच तयार होऊन आला होता. तो तयार कोठे व कसा होतो, हाच खरा प्रश्न आहे.

जीवाणू औषधावर मात कशी करतात

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांना पेनिसिलिनचा शोध लागला. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणातच त्यांनी सावध केले होते की, औषधाची मात्रा अपुरी पडली, तर जीवाणू मरणार नाहीत, उलट त्या औषधाला सरावतील. लाखो जीवाणूंमध्ये एखादाच असा असतो की, ज्याच्या जनुकात काही बदल झाल्यामुळे औषध त्याच्यावर चालत नाही. औषधाने बाकीचे मेले की त्याला मैदान मोकळे मिळते. काही जीवाणूंची दर वीस मिनिटांनी एकाची दोन अशी वाढ होते. एका दिवसात त्याच्या वंशाचा केवढा विस्तार होत असेल, ह्याचा हिशेब वाचकांनी करून पाहावा.

एवढेच असते, तर ही गोष्ट सावकाश घडली असती. परंतु जीवाणूंचा आणखी एक विलक्षण व्यवहार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आमांशाच्या साथी वारंवार येत. तेथील डॉक्टरांना असे आढळले की, आमांशाचे काही जीवाणू एक नव्हे, चार निरनिराळ्या औषधांना एकदमच जुमानेनासे झाले आहेत. चार स्वतंत्र बदल एकाच वेळी घडून यावेत, हे अशक्यप्राय होते. १९५९ साली अकिबा व ओचियाई ह्या जपानी संशोधकांनी त्याचा उलगडा केला. आपल्या आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणारा इ. कोलाय नावाचा जीवाणू व आमांशाचा जीवाणू हे एकमेकांच्या निकट आले की, औषधावर मात करण्याची विद्या एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि चारही औषधांची एकदमच जाते. ही विद्या जनुकांच्या एका छोट्याशा वर्तुळाकार साखळीवर लिहिलेली असते. तिला प्लाझ्मिड असे म्हणतात. पाककृतीचा कागद शेजारणीने शेजारणीला उतरवून द्यावा, तसा जीवाणू प्लाझ्मिडची नक्कल करून शेजाऱ्याला देतो व स्वतःकडची प्रतही राखून ठेवतो. घेणारा त्याच जातीचा असावा, असेही बंधन नाही. मातीतला वा पाण्यातला साधा जीवाणू माणसाला आजारी पाडणाऱ्या जीवाणूला ही विद्या देऊ शकतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही देवघेव व्हायला दोघांना एकमेकांच्या अगदी निकट यावे लागते. वाहत्या पाण्यात जीवाणू सुटे सुटे तरंगत असतात व त्यांच्या भेटी क्वचितच होतात. त्यांना एकत्र येण्यासाठी काही बैठक मिळाली, तर मात्र चित्र पालटते.

तरंगती बैठक

पाच मिलिमीटरपेक्षा लहान अशा प्लास्टिकच्या तुकड्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन व त्यांचे सहकारी ह्यांनी २००४ साली किनाऱ्यावरच्या वाळूत व समुद्राच्या पाण्यात असे कण दाखवून दिले, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. फेकलेली पिशवी उन्हाने ठिसूळ होते, लाटांनी फुटते, तिचे तुकडे होतात व त्या तुकड्यांचे आणखी तुकडे होतात. कुजणे मात्र होत नाही. आपल्या किनाऱ्यावरचे मच्छीमार बांधव पूर्वी सुती व तागाची जाळी वापरीत. ती कुजत असत, म्हणून त्यांची निगा राखावी लागे. आज नायलॉनची जाळी कुजत नाहीत हा त्यांचा गुण आणि तोच समुद्राच्या दृष्टीने त्यांचा दोष.

पिशव्या व जाळी निदान डोळ्यांना दिसतात. न दिसणारा एक उगम आपल्या घरातच आहे. पॉलिएस्टर, ॲक्रिलिक, नायलॉन ही सारी प्लास्टिकचीच वस्त्रे होत. प्लिमथच्याच संशोधकांनी २०१६ साली मोजदाद केली, तेव्हा यंत्रात एका वेळी धुतलेल्या सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांमधून सात लाखांहून अधिक धागे सुटतात, असे दिसून आले. हे धागे मोरीतून गटारात जातात. त्याच गटारात शौचालयाचे पाणी येते, रुग्णालयाचे पाणी येते आणि आपण गिळलेल्या गोळ्यांचाही मोठा अंश येतो. हे अनेकांना ठाऊक नसते. अमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या गोळीतील निम्म्याहून अधिक औषध मूत्रावाटे जसेच्या तसे बाहेर पडते. म्हणजे जीवाणू, औषध व प्लास्टिक ह्या तिघांची पहिली गाठ समुद्रात पडत नाही, ती आपल्या गावाच्या गटारातच पडते.

आता कण पाण्यात पडल्यावर काय होते ते पाहू. वसईच्या बावखलाच्या वा विहिरीच्या पायऱ्यांवरून ज्याचा पाय घसरला आहे, त्याला पाण्यातल्या दगडावर बसणारा बुळबुळीत थर चांगलाच परिचित असेल. तो थर म्हणजे नुसती घाण नव्हे. अगणित जीवाणूंनी, शेवाळाने व त्यांनीच स्रवलेल्या चिकट द्रवाने बांधलेली ती एक दाट वसाहत असते. शास्त्रज्ञ तिला बायोफिल्म म्हणतात. तिच्या आतल्या जीवाणूंपर्यंत औषध नीट पोहोचत नाही व क्लोरीनही पुरते पोहोचत नाही. प्लास्टिकच्या कणावर असा थर काही तासांत धरू लागतो. अमेरिकेतील झेटलर, मिन्सर व अमराल-झेटलर ह्या संशोधकांनी २०१३ साली अटलांटिक महासागरातून गोळा केलेले प्लास्टिकचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना तेथे भोवतालच्या पाण्याहून निराळी अशी एक जीवसृष्टी आढळली. तिला त्यांनी प्लास्टिस्फिअर असे नाव दिले.

कोणी विचारील की, पाण्यात लाकडाचे तुकडे, पाने, वाळू हे सारे पूर्वापार आहेच, त्यावरही थर बसतोच, मग प्लास्टिकचे वेगळे काय? प्रश्न रास्त आहे व संशोधकांनीही तो स्वतःला विचारला. पान कुजून जाते, वाळू तळाशी बसते. प्लास्टिक टिकते आणि पुष्कळसे तरंगते, त्यामुळे त्यावरची वसाहत गावच्या नाल्यातून खाडीत व खाडीतून समुद्रात प्रवास करू शकते. शिवाय काही औषधे व जड धातू प्लास्टिकच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. त्यामुळे तेथील जीवाणूंना औषधाचा अगदी अल्प पण सततचा सहवास घडतो. जीवाणूला मारण्यास जेवढे औषध लागते, त्याच्या कितीतरी पटींनी कमी मात्रा असली तरीही औषधाला न जुमानणारे जीवाणू इतरांच्या पुढे जाऊ शकतात, हे स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले आहे. फ्लेमिंग ह्यांनी अपुऱ्या मात्रेविषयी जे सांगितले होते, ते आज रोग्याच्या शरीराबाहेर, उघड्या पाण्यात घडत आहे.

प्रत्यक्ष पुरावा काय? जर्मनीतील श्टेखलिन सरोवराच्या पाण्यात केलेल्या प्रयोगांतून २०१८ साली असे दिसले की, सुट्या जीवाणूंच्या मानाने प्लास्टिकच्या कणांवर राहणाऱ्या जीवाणूंमध्ये प्लाझ्मिडची देवघेव कितीतरी अधिक होते. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील तीन सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतील गाळ घेऊन केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. तेथे प्लास्टिकच्या कणांवरील थरात औषधरोधाची काही जनुके वाळूच्या कणांवरील थरापेक्षा तीस पटींपर्यंत अधिक आढळली. वाळूशी तुलना करून पाहिली, म्हणूनच ह्या अभ्यासाचे आम्हांस विशेष मोल वाटते.

सर्वांत बोलका प्रयोग बॉस्टन विद्यापीठातला, मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला. नीला ग्रॉस व मुहम्मद झमान आणि त्यांचे सहकारी ह्यांनी इ. कोलाय जीवाणू प्लास्टिकच्या कणांसमवेत वाढविले आणि दर थोड्या दिवसांनी नित्य वापरातल्या चार प्रतिजैविकांपुढे त्यांची परीक्षा घेतली. दहा दिवसांच्या आत हे जीवाणू एकाहून अधिक औषधांना दाद देईनासे झाले. त्यांना आधी औषध पाजलेच पाहिजे असेही नव्हते. औषध नसतानाही काही प्रमाणात हा बदल घडून आला. पॉलिस्टायरीन, म्हणजे ज्यापासून थर्माकोल व टाकाऊ पेले बनतात ते प्लास्टिक, ह्या बाबतीत फारच प्रभावी ठरले. श्री. झमान ह्यांनी निर्वासितांच्या छावण्यांतील आरोग्यावर बराच काळ काम केले आहे. जेथे माणसांची दाटी, प्लास्टिकचा खच व सांडपाण्याची आबाळ एकत्र नांदते, तेथील लोकांना ह्याचा पहिला फटका बसेल, ही चिंता त्यांच्या ह्या संशोधनामागे आहे. मुंबई व तिच्या परिसरातल्या कोणत्याही नाल्याच्या काठी उभे राहिलेल्या माणसाला ती समजून घेण्यासाठी दूरच्या छावणीत जावे लागणार नाही.

आपल्या देशातील पाणी

२००८ साली भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या शरीरात, प्रतिजैविकांतील अखेरचे अस्त्र समजल्या जाणाऱ्या औषधांना नष्ट करणारे एक जनुक सापडले. त्याला ‘एनडीएम-१’ असे नाव देण्यात आले. त्यातील ‘एनडी’ म्हणजे नवी दिल्ली. ह्या नावावरून २०१० साली आपल्या देशात बराच गदारोळ झाला. नावाविषयीची नाराजी समजण्यासारखी होती, परंतु त्या गदारोळात मूळ मुद्दा बाजूला पडला, असे आमचे मत आहे. २०११ साली कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी नवी दिल्लीच्या पाण्याचे नमुने तपासून प्रसिद्ध केले. रस्त्यांवर व नाल्यांत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये हे जनुक होते. पटकी व आमांश ह्यांच्या जीवाणूंतही ते पोहोचले होते. आणखी एक निरीक्षण आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. ह्या जनुकाची देवघेव शरीराच्या ३७ अंश तापमानापेक्षा ३० अंश तापमानाला अधिक होत होती. ३० अंश म्हणजे वर्षाच्या बहुतेक काळात आपल्याकडील उघड्या पाण्याचे तापमान.

त्याआधी, २००७ साली, हैदराबादजवळील पाटनचेरू येथील अभ्यासाने जगाचे लक्ष वेधले होते. सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी स्वच्छ करणाऱ्या केंद्रातून प्रक्रियेनंतर जे पाणी बाहेर सोडले जात होते, त्याच्या एका लिटरमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. हे औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातसुद्धा ते इतके नसते. एका दिवसात वाहून जाणारे हे औषध स्वीडनसारख्या देशाला पाच दिवस पुरावे एवढे होते. हे पाणी ओढ्यांवाटे नक्कावागूत व पुढे मांजरा नदीत जाते. मांजरा म्हणजे आपल्या बीड जिल्ह्यात उगम पावून लातूरवरून तेलंगणात उतरणारी व पुढे गोदावरीला मिळणारी नदी.

कारखान्यांचा वाटा मोठा असला तरी सारा दोष त्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ सालच्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज सुमारे ७,२०० कोटी लिटर सांडपाणी निर्माण होत होते. त्यातील केवळ २,००० कोटी लिटरच्या आसपास पाण्यावर प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. उरलेले तसेच ओढ्यानाल्यांतून नद्यांना व समुद्राला मिळत होते.

समुद्राकाठी राहणाऱ्या आमच्या वाचकांना मासळीची चिंता वाटणे स्वाभाविक आहे. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साळ नदीच्या मुखाशी केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. पाणी, गाळ, मासे व शिंपले ह्या सर्वांत सूक्ष्मप्लास्टिक आढळले. कारखान्यात वस्तू घडविण्यासाठी वापरतात त्या प्लास्टिकच्या कच्च्या गोळ्याही गोव्याच्या किनाऱ्यांवर सापडल्याची नोंद २०१६ साली झाली आहे. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यापुढे ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज बुडाले, तेव्हा अशाच गोळ्यांचा पांढरा सडा तेथील किनाऱ्यावर पडला होता आणि स्वयंसेवक वाळू चाळून त्या वेचत होते. ह्यातील प्रत्येक गोळी आज ना उद्या त्या बुळबुळीत थराची बैठक होणार.

घाबरावे किती

येथवर वाचून कोणी मासळी सोडू नये किंवा नळाच्या पाण्याला भिऊ नये. ह्या विषयावर वृत्तपत्रांतून अतिरंजित मथळे येतात व त्यांचा उपयोग पाण्याची महागडी यंत्रे विकण्यासाठी होतो, असे आम्हांस दिसते. वस्तुस्थिती अशी आहे की, प्लास्टिकच्या कणांवर औषधरोधाची देवघेव वाढते, ह्याला प्रयोगांचा आधार आहे. परंतु अमुक इतक्या माणसांचे आजार ह्या वाटेने आले, असे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली, पिण्याच्या पाण्यातील सूक्ष्मप्लास्टिकपासून त्या वेळी उपलब्ध असलेल्या मर्यादित माहितीनुसार मोठा धोका दिसत नाही, असेच म्हटले होते. रुग्णालयांतील अस्वच्छता व औषधांचा बेसुमार वापर ही आजही औषधरोधाची प्रमुख कारणे आहेत. प्लास्टिक त्यात भर घालते.

ही भर मात्र क्षुल्लक समजू नये, कारण मूळची रक्कमच मोठी आहे. २०१९ ह्या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे जगात थेट १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ साली प्रसिद्ध केला. त्याच नियतकालिकातील २०२४ च्या अभ्यासानुसार २०२५ ते २०५० ह्या काळात अशा मृत्यूंची संख्या ३ कोटी ९० लाखांवर जाईल.

घरच्या पाण्यापुरते बोलायचे, तर उकळण्याची आपली जुनी रीत अजूनही उत्तम. उकळल्याने जीवाणू मरतात, मग ते औषधाला जुमानणारे असोत वा नसोत. २०२४ साली चीनमधील ग्वांगझू येथील संशोधकांनी एक मौजेची गोष्ट नोंदविली. विहिरीच्या पाण्यासारखे जड पाणी उकळले की भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. त्या थरात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण अडकतात व पाणी निवळून गाळून घेतल्यास कधी कधी नव्वद टक्क्यांपर्यंत कण निघून जातात. आमच्या आजीने पाणी उकळून, निवळून, फडक्यातून गाळले, ते ह्या कारणासाठी नव्हे. परंतु तिची पद्धत वाया गेली नाही. आणि मासळी नीट साफ करून, आतडी काढून, चांगली शिजवली, तर जीवाणूंचे भय उरत नाही व माशाच्या पोटातले बरेचसे प्लास्टिकही आतड्यांबरोबर जाते. शिंपल्यांची गोष्ट निराळी, ते आपण सगळेच्या सगळे खातो.

उपाय कोठे आहेत

खरा उपाय सांडपाण्याच्या पाइपाच्या टोकाशी आहे. चांगले प्रक्रिया केंद्र पाण्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक सूक्ष्मप्लास्टिक अडवू शकते. मात्र अडविलेले प्लास्टिक गाळात उतरते आणि तो गाळ शेतात खत म्हणून टाकला, तर चक्र पुन्हा सुरू होते. म्हणून आपल्या नगरपालिकेचे केंद्र किती क्षमतेने चालते एवढेच विचारून न थांबता, त्याच्या गाळाचे काय होते, हेही नागरिकांनी विचारले पाहिजे. हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

कारखान्यांच्या बाबतीत आपल्या शासनाने एक पाऊल उचलले व मागे घेतले, हे येथे स्पष्टपणे सांगणे भाग आहे. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जो मसुदा काढला, त्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात कोणते प्रतिजैविक किती असावे, ह्याच्या मर्यादा घातल्या होत्या. २०२१ साली अंतिम नियम आले, तेव्हा त्या मर्यादा गळाल्या होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ह्याच विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, ती मात्र कोणावर बंधनकारक नाहीत. प्लास्टिकविषयीच्या जागतिक कराराची वाटाघाट २०२२ पासून चालू झाली, पण ऑगस्ट २०२५ मधील जिनिव्हा येथील बैठकही एकमत न होता संपली.

आपल्या हाती असलेल्या गोष्टी साध्या आहेत. सर्दी व बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे होते, तेथे प्रतिजैविक काहीच करू शकत नाही. ते मूत्रावाटे गटारात मात्र जाते. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ यादीतील औषधे चिठ्ठीशिवाय देण्यास दुकानदाराला मनाई आहे व रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपणे त्याला बंधनकारक आहे. गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यावयाचे नाही, असे समजावे. केंद्र सरकारने २०१६ साली ह्या लाल रेघेची मोहीमही काढली होती, तरी ती रेघ ओळखणारी माणसे आम्हांस थोडीच भेटतात. गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टरांनी ठरवावे. अलीकडे काही आजारांत कमी दिवसांचा उपचारही पुरतो, असे आढळले आहे. पण तो निर्णय ताप उतरला म्हणून आपण घ्यायचा नाही, आणि उरलेल्या गोळ्या शेजारच्या मुलाला द्यायच्या नाहीत.

प्लास्टिकच्या बाबतीत आमचे म्हणणे थोडक्यात असे. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून व देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे. तरीही आपल्या धर्मग्रामांच्या सणांना व लग्नाच्या मांडवांत थर्माकोलच्या ताटल्या आणि पातळ पेले दिसतात. बॉस्टनच्या प्रयोगात सर्वांत घातक ठरलेले पॉलिस्टायरीन ते हेच. स्टीलची ताटे गावात भाड्याने मिळतात, धुवायला माणसे लागतात एवढाच काय तो व्याप.

राहिल्या त्या कपाटात पडलेल्या, मुदत संपलेल्या गोळ्या. त्या शौचालयात वा मोरीत टाकू नयेत, तशाच सुट्या कचऱ्यातही टाकू नयेत. केरळ राज्याने २०२५ साली कोळिकोड येथून घरातील न वापरलेली औषधे गोळा करून त्यांची शास्त्रीय विल्हेवाट लावण्याचा उपक्रम सुरू केला. औषधांच्या दुकानात वा दवाखान्यात अशी एक पेटी ठेवणे आपल्याकडेही अवघड नाही. ज्या धर्मग्रामात दवाखाना चालतो, तेथील मंडळींनी आपल्या दवाखान्यातील जैववैद्यकीय कचरा कोण नेतो ह्याची चौकशी करावी व त्याच गाडीतून ह्या गोळ्या नेता येतील काय, हे त्याला विचारावे.